गुरूविना शिकायची पुस्तकं

लातूर,
११ ऑगस्ट

प्रिय नागसेन,

तुझ्या सत्काराहून परत आलो त्याला पंधरा दिवस झाले. नांदेडला तुला भेटूनच बोलायला हवं होतं, पण गर्दीत मला आता नीट ऐकू येत नाही. उजवा कान गेला, डाव्यात यंत्र आहे. डग्ग्याची घुमक अजून कळते. तबल्याच्या काठावर, चाटेवर वाजणारा 'ना' मात्र कागद फाटल्यासारखा येतो. म्हणून दिवाळीपासून शिकवणी बंद केली. मुलांची चूक ऐकू येत नसताना त्यांना शाबासकी देत बसणं बरोबर नव्हतं.

मला असा रिकामा बसलेला बघून इथल्या वाचनालयाच्या दिपालीबाईंनी एक काम दिलं. चाकूरकडची, मुरुडकडची मुलं त्यांच्याकडं येतात, तबला शिकायचाय म्हणतात आणि गावात शिकवणारं कुणी नसतं. त्यांच्यासाठी पुस्तकं निवडून द्या, म्हणाल्या. मोबाइलवर सगळं असतं की, असं मी म्हणालो. मुलं बघतात आणि विसरतात, समोर उघडं ठेवून बसता येईल असं काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याचं काम वाटलं होतं. तीन महिने झाले, अजून करून राहिलोय.

टेबलावर वीस-बावीस पुस्तकं आहेत. एकात साठ पानं नुसता इतिहास, तबला कुणी शोधला याची भांडणं, बोट कुठं ठेवायचं ते शेवटपर्यंत नाही. दोन-तीन फक्त परीक्षेची, प्रश्न आणि उत्तरं. एक लई विद्वान पुस्तक आहे, कायदे, रेले, गती, सगळं लिपीत बांधलेलं. पण 'तिरकिट' कोणत्या बोटानं सुरू करायचं हे विचारू नये. आणि जिथं खरी अडचण येते, तिथं हमखास एक ओळ: 'हे गुरुमुखातून समजून घ्यावे.' चाळीस वर्षं मी ही ओळ वाचत आलो आणि मला ती कधी खटकली नाही. मला गुरू होते. चाकूरच्या मुलीनं ही ओळ वाचून काय करायचं?

एका पुस्तकातल्या फोटोंपाशी मी थांबलो. फोटो वाजवणाऱ्याच्या समोरून घेतलेत. नवख्याला वाटेल, आरशात बघतोय. तसंच बघून तू सहा महिने उजव्या हाताचं डाव्या हातानं बसवलं होतंस. नववीत होतो आपण. रेल्वे क्वार्टरमध्ये तुझ्या वडिलांनी आणलेली जुनी जोडी, समोर वाचनालयाचं पुस्तक आणि पुस्तक मिटू नये म्हणून त्यावर आईचा पोळपाट. मी आलो, बघितलं आणि हसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना सांगितलं. 'पुस्तकी तबला' हे नाव मीच पाडलं, हे तुला ठाऊक आहे. तू सगळं पुसून पुन्हा 'ना'पासून सुरू केलंस. अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला टेकवायची आणि तर्जनी चाटेवर मारून लगेच उचलायची, हे मला गुरुजींनी हात धरून पहिल्याच दिवशी सांगितलं. तुला ते रेडिओ ऐकून, चुकून, बोटं सुजवून शोधावं लागलं. एवढं सांगायला पुस्तकात दोन ओळी पुरल्या असत्या. त्या दोन ओळी कोणत्या पुस्तकात आहेत, एवढंच मी आता बघतो.

पुस्तकांकडं वळण्याआधी तू मला गळ घातली होतीस, तेही आठवत असेल. बाकावर त्रिताल वाजवत म्हणाला होतास, तुझ्या रेणुकादास गुरुजींना माझ्यासाठी विचारशील का? चार दिवसांनी गोदावरीच्या घाटावर मी तुला सांगितलं, गुरुजी नाही म्हणतात, जागा नाही. तू माझ्याकडं बघितलंस, 'कळलं' म्हणालास आणि चपला घालून निघालास. का नाही म्हणाले, हे विचारलंही नाहीस. तुझ्या जातीला कोणती दारं बंद असतात, हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं, तू काय समजलास ते.

पुढं भीमगीतांच्या कार्यक्रमांतून तुझं नाव झालं. एकदा गुरुजी माझ्यासोबत तुझा कार्यक्रम ऐकायला आले होते, हे तुला मी कधी सांगितलं नाही. मागच्या रांगेत बसले. तुझा रेला सुरू झाला तसे पुढं झुकले आणि शेवटपर्यंत तसेच बसून राहिले. परत जाताना रिक्षात म्हणाले, "मल्लिनाथ, हा तुझ्या वर्गातला ना? माझ्याकडं का नाही रे आला?" मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं. गुरुजी वारले, तेव्हा तू आला नाहीस. लोक तुला नावं ठेवत होते आणि मी तिथंही गप्पच होतो.

सत्काराच्या दिवशी तू माईकवर म्हणालास, "एका मोठ्या गुरुजींनी मला दारात उभं केलं नाही, म्हणून मी पुस्तकांच्या दारात गेलो." टाळ्या पडल्या. माझ्या डाव्या कानाला ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. तू नाव घेतलं नाहीस, पण नांदेडात कुणाला कळायचं राहिलं? दुसऱ्या रांगेत गुरुजींची मुलगी सौदामिनी बसली होती. तिनं मान खाली घातली. टाळ्या थांबल्यावर उठली आणि बाहेर गेली. मी तिच्या मागं जायला हवं होतं. गेलो नाही.

नागसेन, मी गुरुजींना विचारलंच नव्हतं. ते चार दिवस मी रोज शिकवणीला गेलो आणि रोज न विचारताच परत आलो. तू बाकावर वाजवायचास ते मी ऐकलं होतं. दोन वर्षं शिकून माझ्या हाताला जे येत नव्हतं, ते तुझ्या हाताला न शिकता येत होतं. तू आला असतास तर महिन्याभरात गुरुजींनी मला मागं बसवलं असतं. म्हणून त्यांच्या तोंडी मी नकार घातला. त्या नकाराचा तू जो अर्थ लावलास तो मला दिसत होता आणि मी तो लावू दिला. तो खरा वाटण्यासारखा होता, म्हणून मला सोयीचा होता. गुरुजींनी तुला दारातून परत पाठवलं नाही. तू दाराशी आला होतास, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. माफ कर म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही, तो हक्क माझ्याकडं नाही. या पत्राची एक प्रत आजच सौदामिनीला पोस्टानं टाकतो आहे. यापुढं तू हे कुठंही सांगशील तेव्हा गुरुजींच्या जागी माझं नाव घे.

तुझाच म्हणवण्याचं धाडस न होणारा,
मल्लिनाथ