सर्व्हर मला ओळखत नाही

सोमवार, ६. सकाळ

रोजनिशीचा संकल्प. रोज लिहायचं, खरं लिहायचं. तारीख लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसेल ती टाकायची, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.

सुरुवात विजयाने. बॅकअपचा रिपोर्ट गेल्या सोमवारी द्यायचा होता, राहून गेला. लॅपटॉपचं घड्याळ बरोबर एक आठवडा मागे नेलं, फाइल सेव्ह केली, पाठवली. फाइलवर जुनी तारीख! याला अनुभव म्हणतात. घड्याळ नंतर पुढे करायचंय. आत्ता चहा निवतोय.

खोकला आहे. बरा होईपर्यंत घरूनच काम.

सोमवार, ६. दुपार

कमांड लाइनवरून सर्व्हरला लॉगिन केलं. एसएसएल एरर. सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही म्हणे. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, कधीपासून लागू ती तारीख घातलेलं. ज्या सर्व्हरला मी लहानाचा मोठा केला, तो मला दारात उभा करून ओळखपत्राच्या गोष्टी सांगतो.

वायरला फोन केला. वायर म्हणजे आमचा नेटवर्कवाला. अंगाने तसाच. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत. म्हणाला, काल रात्री सर्टिफिकेट नवीन टाकलंय, सगळ्यांचं चालतंय, तू तुझं घड्याळ बघ.

घड्याळ बघ! हे शिकाऊ पोरांना सांगतात. फोन आपटला.

आता उलगडा झाला. वायर सतरा तारखेला नोकरी सोडून दूरच्या शहरात चाललाय. जाण्याआधी माझा पत्ता कापून सगळा कारभार त्याच्या जागी आलेल्या त्या नव्या मुलीच्या हाती द्यायचा डाव. घरचा भेदी!

मोबाइल बंद करून कपाटात स्वेटरांखाली ठेवला. येईल शरण.

मंगळवार, ७

मुळापासून तपास. लॉगिनच्या जुन्या डिजिटल किल्ल्या उडवल्या, नव्या बनवल्या. प्रोग्रॅम काढून परत टाकला. राउटर बंद-चालू केला. केबल फुंकली. एरर जागच्या जागी.

सर्टिफिकेटची तपासणी बंद करून आत शिरायची एक वाट असते. पण असं करणाऱ्याचं खातं कायमचं बंद, असा नियम आहे. नियम मीच लिहिलाय. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, वायरने सगळ्यात जोरात.

बुधवार, ८

पुरावा सापडला. आज आलेल्या मेलवर पंधरा तारीख! म्हणजे मेलसर्व्हरचंही घड्याळ बिघडवून ठेवलंय. ऑफिसात एकाच्याही लक्षात आलेलं नाही. मेल उघडणं बंद.

माझ्याशिवाय सर्व्हर कोलमडणार. अजून कोलमडलेला नाही. उद्या कोलमडेल.

शुक्रवार, १०

बायकोने सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. म्हटलं, हा कशाला? म्हणाली, वायरभाऊजींचा निरोप समारंभ ना? म्हटलं, बाईसाहेब, तो पुढच्या शुक्रवारी. म्हणाली, असं? पुढे ढकलला वाटतं. शर्ट परत कपाटात. हिच्या तारखांची तऱ्हाच न्यारी.

संध्याकाळी तिच्या फोनवर वायरचा फोन. दोनदा. वहिनी, तो निघाला का, म्हणे. मी खुणेने सांगितलं, झोपलेत सांग. आता वहिनीला मध्ये घालतोय. म्हणजे मनात खातंय.

खरं सांगायचं तर मलाही खातंय. त्याच्या थर्मासमधला चहा अकरा वर्षं मी अर्धा प्यायलोय. असा माणूस उलटला की नुसता राग येत नाही, छातीत काहीतरी अडकून बसतं. (खोकला असावा.)

सोमवार, १३

लॉगिन झालं!! मी काहीही न करता. पहिल्या फटक्यात.

गडी शरमला. गुपचूप दुरुस्त करून ठेवलं आणि बढाई मारायला फोनही केला नाही. याला म्हणतात उपरती. माफ केलं.

मोबाइल मात्र शुक्रवारपर्यंत बंदच. मोठ्या माणसाने लगेच विरघळू नये.

गुरुवार, १६

उद्याचं भाषण तयार. सुरुवात: चुकतो तो माणूस, माफ करतो तो मोठा माणूस. मग थर्मासची गोष्ट. मग मिठी. आरशासमोर म्हणून बघितलं तर थर्मासपाशी आवाज फुटला. खोकला पूर्ण बरा आहे.

त्याच्यासाठी नवीन थर्मास आणलाय. मोठा. दोघांना पुरेल असा.

शुक्रवार, १७

इस्त्रीचा शर्ट. थर्मास. भाषण पाठ.

वायरच्या खुर्चीत नवी मुलगी. म्हटलं, कार्यक्रम किती वाजता? म्हणाली, कुठला, सर? म्हटलं, वायरचा. ती उठून उभीच राहिली. म्हणाली, सर, तो गेल्या शुक्रवारी झाला. वायर सर केक कापू देईनात, तुमची वाट बघत होते. शेजारची खुर्ची राखून. शेवटी झाडणारे आले, तेव्हा कापला.

भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे बघितलं. चोवीस.

शुक्रवार, २४. (तोच दिवस. संध्याकाळ)

लॅपटॉपचं घड्याळ पुढे केलं. स्वेटरांखालचा मोबाइल काढला. वायरचे कॉल मोजले नाहीत. शेवटचा मेसेज केकच्या दिवसाचा: ये रे. तू आल्याशिवाय कापत नाही.

उलटलं कोण, हे लिहायला हात धजत नाही.

त्याला फोन लावला. भाषण विसरलो होतो, नुसतं सॉरी म्हणणार होतो. फोन नव्या मुलीने उचलला. नंबर ऑफिसचा, वायरने जाताना परत केलेला. आता तिचा. नवा नंबर तुमच्या मोबाइलवर कळवतो म्हणाले होते, सर, पण तुमचा बंद लागत होता.

मग ती बिचारी म्हणाली, सर, लॉगिनचा प्रॉब्लेम आहे का? वायर सर सांगून गेलेत, तुमचा फोन आला तर आधी घड्याळ बघायला सांग.

म्हटलं, बघितलं.