दात पाहून जुंपलेलं कुत्रं

आबा, तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगते. तुम्ही होतात तेव्हा एवढं धाडस झालं नसतं. तुम्ही ओट्यावर नुसते खाकरलात तरी घरातलं बोलणं थांबायचं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावातल्या निम्म्या पोरांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही, आणि तरी त्या घरात अजून तुमचंच चालतं. भाऊशी कशावरूनही वाद घातला की शेवटी तो तुम्हाला पुढे करतो. "आबा सांगेत," म्हणजे आबा सांगायचे, एवढं त्यानं म्हटलं की विषय संपला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, जळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, तिथे चार माणसं मला विचारून कामं करतात. पण दोंडाईच्याला गाडीतून उतरून गावात शिरले की मी पुन्हा तुमची धाकटी, जिला शेतीतलं काही कळत नाही. या वेळचा वाद कुत्र्यावरून झाला.

दिवाळीनंतर आपल्या खालच्या वावरात ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसल्या होत्या. मुक्काम हलवताना त्यांनी भाऊला एक पिल्लू दिलं. मी सुट्टीला गावीच होते. घोड्यावर लादलेल्या बाचक्यांमधून त्यांच्या म्हातारीनं ते उचललं आणि माझ्याच हातात ठेवलं. तांबूस, लांब पायांचं, पोट अगदी पाठीला लागलेलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव काढलं की ते धावत सुटतं आणि सध्या त्यानं धावायचं नाही. आपल्याकडे पूर्वी कुत्री यायची, उरलीसुरली भाकर खायची, एक दिवस दिसेनाशी व्हायची. कोणी आणलेली नसायची. हे मात्र कामासाठी आणलेलं. आता रानडुकरं फार माजली आहेत, आबा. मक्याला कणसं धरली की कळपच्या कळप शिरतो, भुईमूग तर उकरून मोकळा करतात. पिल्लाच्या आईनं म्हणे लांडगा परतवला होता, त्यामुळे भाऊचा जीव पहिल्या दिवसापासून या पिल्लावर. आणि तेही असं की बसणं म्हणून त्याला माहीतच नाही. वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी उडाली तरी तिच्यामागे बांध ओलांडून जायचं. मला दोन मुलगे आहेत, दोघेही पुण्याला असतात. त्यांच्या पायांची मी कधी इतकी काळजी केली नाही.

होळीला मी गेले तेव्हा भाऊ अंगणात उकिडवा बसला होता. पिल्लाची मान गुडघ्यांत धरलेली, एका हातानं जबडा उघडलेला. आधी वाटलं, घशात हाड अडकलंय. तर नाही, तो दात पाहत होता. एकेका दातावर अंगठा फिरवून झाल्यावर त्यानं जबडा सोडला आणि मोठ्या समाधानानं मला म्हणाला, "बठ्ठा दात उनात. एक बी दुधना राह्यना नही. जुळना हाऊ." मला हसावं की रडावं कळेना. जुळला म्हणजे बैलाचे सगळे दात आले, आता त्याला नांगराला धरायला हरकत नाही. हे तुम्ही त्याला शिकवलंत, बैलाबद्दल. बैलाला दात जुळायला वर्षंच्या वर्षं लागतात आणि तोवर त्याची हाडं पक्की झालेली असतात. कुत्र्याचे सगळे दात सहा-सात महिन्यांत येऊन मोकळे होतात, हाडं तेव्हा नुसती वाढत असतात. मी हे म्हटलं. तो म्हणाला, "आबा काय सांगेत? दात दख, मंग जुंप." झालं.

तो हे कुठे शिकला ते मी विसरलेले नाही. तुम्ही दोंडाईच्याला गेला होतात आणि भाऊनं, तेव्हा मिसरूड फुटत होतं त्याला, तुम्हाला खूश करायला म्हणून आपल्या आदत गोऱ्ह्याला, ज्याचा एकही पक्का दात आला नव्हता त्याला, वखराला धरलं. तुम्ही येता. टोपी काढत नाही, पाणी मागत नाही, सरळ वावरात जाता आणि गोऱ्हा सोडता. त्याच्या पुढच्या गुडघ्यांवरून हात फिरवता, एकदा या पायावर, एकदा त्या. भाऊकडे पाहतसुद्धा नाही. मग रात्री जेवताना, माय चुलीपुढे कळण्याची भाकर थापतेय, मी तुमच्या ताटात ठेचा वाढतेय, तेव्हा तुम्ही भाऊला विचारता, "हाड काय भाकर शे का रे, मोडनी ते तुन्ही माय दुसरी थापी देई?" माय थापायची थांबली. भाऊ ताटावरून न जेवता उठला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला बैलबाजारात घेऊन गेलात. मीही गाडीत होते. मला गोडीशेवची पुडी देऊन गाडीतच बसवलंत. तिथून मी पाहत होते, एकामागून एक बैलाचं तोंड तुम्ही उघडताय, भाऊचा हात धरून आत घालताय, हा आदत, हा दोनदाती, हा चारदाती. मला एकाही बैलाच्या तोंडात हात घालू दिला नाहीत. असो. माझी तक्रार आज ती नाही. तक्रार ही की तुम्हाला काळजी होती हाडाची, आणि शिकवलात तुम्ही दात. गोऱ्ह्याच्या गुडघ्यावरून हात फिरवताना तुम्हाला काय कळत होतं, ते एका शब्दानं कोणाला सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर माझी ही उरस्फोड वाचली असती.

कारण पुढे उन्हाळाभर जे चाललं ते पाहवत नव्हतं. भाऊ मोटारसायकलवर पुढे आणि पिल्लू डांबरी रस्त्यानं मागे, थेट फाट्यापर्यंत. "दम वाढस," म्हणे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडी मारायला शिकवली, ती तर येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवायची. घरात तुमची शेणानं सारवलेली जमीन जाऊन आता गुळगुळीत टाइल्स आल्या आहेत. त्यांच्यावर ते वळताना फरकन घसरायचं, मागचे पाय दोन दिशांना. मी गोणपाटं अंथरून जायचे, पुढच्या खेपेला बघावं तर गोणपाटं गोठ्यात. वहिनीचं वेगळंच. ती बिचारी मायेनं करते, पण काय करते? तुपात चुरलेली भाकर दोन वेळा, वर औषधाच्या दुकानातून आणलेली कॅल्शियमची पावडर. "ताई, वाढतं लेकरू शे ते. पोट मारी कसं चाली?" अंगावर वजन चढलं, हाडं अजून कोवळीच, आणि पाय रोज रस्त्यावर आपटतायत. मी दर रविवारी गाडी पकडून जायचे, भांडायचे आणि परत यायचे. माझ्याकडे आणून ठेवावं, तर तिसरा मजला आणि सगळाच जिना.

ज्येष्ठात ते सकाळी उठताना अडखळायला लागलं. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायचं, सशासारखं. भाऊ आणि त्याचे मित्र हसायचे, म्हणायचे नाचतं. मी भाडोत्री गाडी केली आणि कोणाला न विचारता त्याला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काचेवर लावून दाखवला. मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत जसं घट्ट बसायला हवं तसं बसलेलं नाही, सैल आहे. पण अजून झिजलेलं नाही. हाडांच्या टोकांशी जिथून वाढ होते ती जागा अजून मऊ आहे, ती पक्की होईपर्यंत, म्हणजे अजून पाच-सहा महिने, सांभाळलं तर कुत्रं कामाचं होईल. उडी नाही, डांबर नाही, गाडीमागे पळवणं नाही. दोरीला धरून मऊ मातीत सावकाश चालवायचं, वजन उतरवायचं, पावडर बंद. आणि नाही सांभाळलं तर? डॉक्टर म्हणाले, तर ऐन उमेदीत लंगडेल. एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. लंगडं कुत्रं मक्यात रानडुकरापुढे उभं राहिलं तर काय होतं, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. वेळेवर वळता आलं नाही की सुळा पोटात.

तो एक्स-रे मी भाऊपुढे धरला. त्यानं उजेडाकडे करून पाहिला, उलटा. "डॉक्टरनी कधी डुक्कर दखेल शे का?" त्यानं विचारलं. मी सगळं पुन्हा सांगितलं, अगदी पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. त्यानं ऐकून घेतलं, चहा प्यायला, आणि म्हणाला, "कुत्रं शे ते, नवरी नही. कितला दिन घरमा बसाडशी?" चार दिवस दोरीला धरून फिरवलंही त्यानं, मी गेल्यावर दोरी खुंटीला. दुसऱ्या रविवारी ते पिल्लू ट्रॉलीतून उडी मारून माझ्या स्वागताला आलं. उतरताना मागचा डावा पाय वाकला, ते कण्हलं, आणि तरी शेपटी हलवत माझ्यापर्यंत आलं. मी तिथेच रस्त्यात भाऊवर ओरडले. लोक बघत होते. खरं सांगायचं तर मला तुमच्यावर ओरडायचं होतं. एक्स-रे खोटा, डॉक्टर खुळा, बहीण शहराळलेली, आणि जो माणूस आता कधीच बोलणार नाही त्याचा एक जुना शब्द मात्र खरा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पोळा जवळ आला. मक्याला कणसं धरली होती, डुकरांच्या खुरांचे ठसे बांधावर दिसायला लागले होते. मी दुपारी पोचले तर भाऊनं मोटारसायकल चालू केलेली, पिल्लाला हाक मारून वावराकडे निघालेला. आता त्याला मक्यात सोडायचं, डुकरं बघू दे त्याला, असं म्हणत होता. मी गाडीपुढे उभी राहिले. त्याला पुन्हा खुब्याची वाटी सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. आणि तोंडातून भलतंच आलं.

"भाऊ, आबा कुत्रानं काय सांगेत, भुलना का तू?"

"काय सांगेत?"

"कुत्रानी दोन दिवाया दखाबिगर त्याले पयाडू नही, आसं सांगेत आबा."

दोन दिवाळ्या पाहिल्याशिवाय कुत्र्याला पळवू नये. आबा, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुम्ही कुत्र्याबद्दल जन्मात काही म्हणाला नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले महिने मी मनातल्या मनात मोजले आणि जवळचा सण धरला, येती दिवाळी त्याची दुसरी. बोलून गेल्यावर वाटलं, आता हा हसणार. भाऊनं मोटारसायकल बंद केली. मग उतरला, खुंटीवरची दोरी काढली आणि पिल्लाच्या गळ्यात अडकवली. संध्याकाळी गोणपाटं त्यानं स्वतः गोठ्यातून आणून टाइल्सवर अंथरली, कोपरे जुळवून. तेव्हापासून तो त्याला नदीच्या वाळूत सावकाश चालवतो, आणि मक्यात स्वतः डबा बडवत बसतो. शेजारच्या काकांनी विचारलं तर त्यांनाही त्यानं सांगितलं, आमन्हा आबा सांगेत. मी पुढच्या खेपेला तुमच्या नावावर तूपही बंद करून टाकलं. वहिनीनं बरणी निमूट वर ठेवली. पिल्लाचं वजन उतरतंय, सकाळचं अडखळणं कमी झालंय. खुबा किती सावरला ते पुढच्या एक्स-रेत कळेल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि गावच्या घरात तर अजिबात ठेवायचं नाही. भाऊच्या हाती लागलं तर दोरी पुन्हा खुंटीला जाईल. म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. पण मागच्या रविवारचं एक सांगायचं राहिलंय. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, पिल्लू मध्ये पसरलेलं. मी सहज म्हटलं, बरं झालं मला आबांचं ते आठवलं. भाऊनं माझ्याकडे पाहिलं, थोडा कीव केल्यासारखा. "तुले कसं आठवी? तू तवय शाळामा व्हती. विहीरजोडे बसी सांगं व्हतं आबानी. माले सांगं व्हतं." विहिरीजवळच्या कुठल्या दगडावर बसला होतात तेही त्यानं सांगितलं. मी म्हटलं, हो भाऊ, तुलाच सांगितलं असेल. पिल्लाच्या पायासाठी म्हटलं. पण आबा, सगळं मीच रचलेलं, आणि त्यातही तुम्ही त्यालाच जवळ बसवून सांगितलंत, मला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.