वाकळीच्या पोटातली वाकळ

आत्याबाई, तुमच्या लेकाला थंडी वाजते आहे आणि तो अजून तुमचंच नाव घेतो आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. तरी तुमचं सासूपण काही सरत नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून सून लिहून घेते आहे. माझ्या बोलण्याला जरा इस्त्री करते आणि गालात हसते. हस बाई, तुझीही पाळी येईल.

औंदा बावड्यात कधी नव्हे अशी थंडी पडली आहे. नदीकडून उसातून येणारं वारं हाडात शिरतं. मी खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराच्या बुडाला गोणपाट लावलं, गोठ्याला ताडपत्री बांधायला लावली. पोरानं हीटर आणला. माझ्या जुन्या लुगड्यांची नवी, जाडजूड वाकळ पावसाळाभर बसून शिवली होती, ती यांच्या अंगावर घातली, तर यांनी पायानं ढकलली की! म्हणाले, "ही नगं. आईची काढ."

"तिची पार चाळण झालीया."

"होऊ दे. ऊब तिच्यातच हाय."

जन्मभर यांचं आंघोळीचं पाणी मी तापवलं, आणि ऊब तुमच्यात!

मग काय, वरचं कापड बदलायला तुमची वाकळ उसवायला घेतली. तुम्ही असताना तिला कुणी हात लावलेला खपत नसे. अजून डोळ्यांपुढं आहे: मी नवी नवरी, दुसऱ्याच वाकळीवर माझा टाका लांब पडला आहे, आणि तुम्ही माझ्या हातातून सुई काढून घेताय: "एवढा टाका? थंडीला पावणी म्हणून घरात घेतीस व्हय गं?" खोटं कशाला बोलू, तुमचे ते बारीक टाके एकेक करून तोडताना मला फार बरं वाटलं. पण आत हात घातला तर आणखी एक अख्खी वाकळ. विटलेली, जुनी, माझ्याहूनही लांब टाक्यांची. मग मला मामंजी आठवले. थंडी पडली की विचारायचे, "माझ्या आईची वाकळ कुठाय?" तुम्ही चुलीपुढून ओरडायचात, "उंदरांनी खाल्ली!" आणि हीच आणून त्यांच्या अंगावर टाकायचात. ते गप झोपायचे.

म्हणजे आत्याबाई, तुम्हीसुद्धा?

सगळं होतं तसं परत आत घातलं आणि वरून माझं हिरवं लुगडं लावून शिवून टाकलं. यांनी नाकापर्यंत ओढून घेतली. म्हणाले, "हीच बघ आईची." मी म्हटलं, "व्हय की."

सून विचारते आहे, "आत्याबाई, पत्ता काय घालू?" काही घालू नको. पोचलं तर उत्तर येईल, आणि त्यात माझ्याच चुका असतील. पण एवढं लिही. या खेपेला टाके मी अगदी बारीक घातलेत. यांच्यासाठी नव्हे, यांना कुठं कळतंय. तुम्ही बघाल म्हणून.