मूकपटातल्या राणीचं मनगट

कवठे महांकाळ, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज सुवर्णा हसली. सून म्हणून घरात आल्यापासून पहिल्यांदाच, तोंडावर हात न ठेवता. तिचं माहेर सीमेपलीकडचं, बोलणं कानडी. माझा किरण लग्नानंतर पलटणीत परत गेला आणि घरात आम्ही दोघीच उरलो. मी काही विचारायचं, तिनं नुसती मान हलवायची. मला धास्ती वाटायची, पोर अशीच कोमेजून जाते की काय.

मूकपटांचं वेड मला बाबांमुळं लागलं. दुपारी टीव्हीवर त्यांच्या आवडीचा एक लावला. हिला कंटाळा येईल असं वाटलं होतं. पण ज्यात बोलणंच नाही, तिथं भाषा कशाला आड येईल? हे आधी कसं सुचलं नाही मला?

राणी नदीवर घागर भरायला वाकली, तशी सुवर्णा पुढं सरकली आणि शेजारणींकडून उचललेल्या मराठीत पहिल्यांदाच बोलली. "आवं, हात बघा की तिचा! ही बाई न्हाई!"

तेव्हा बायका सिनेमात येत नसत, पुरुषच लुगडं नेसायचे, हे मी अर्धं खुणांनीच सांगितलं. मग आमचं लक्ष त्या मनगटावरून हलेना. राजा मेला, राणीनं कपाळ बडवून घेतलं, तरी आम्हाला ते जाडजूड मनगटच दिसत होतं. ऐन रडण्याच्या प्रसंगाला दोघी पोट धरून हसलो. बाबा रागावले असते. की तेही हसले असते?

आत्ता ती अंगणात आईशी फोनवर बोलतेय. त्यातला 'अत्ते', म्हणजे सासू, एवढाच शब्द मला कळतो. तो सारखा येतोय, आणि दर वेळी ती हसतेय.