जाऊन राहिला

धरमपेठ, नागपूर
दि. ११ जून २०२५

चि. सौ. लतिका,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईबाबांना नमस्कार, खुशीला पापा. इकडे ठीकच म्हणायचे. कूलरमध्ये पाणी भरणे हे सध्या माझे मोठे काम. उरलेला वेळ चौथीच्या पुस्तकातल्या कविता आठवत बसतो. चाली सगळ्या पाठ आहेत, शब्द मात्र मधूनमधून गळतात.

वीज कंपनीची नोकरी मिळाली नाही, हे उन्मेषने तुला कळवले असेलच. चौदा महिने घरी बसल्यावर हीच काय ती एक आशा होती. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटले, "प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे काय रे? गॅदरिंगचे कार्यक्रम बसवायचे?" तर म्हणाला, "काहून थट्टा करून राहिले बाबा? शहरभरचे मीटर बदलायचे आहेत. ते काम वेळेत करवून घ्यायचं." किती दिवसांनी हसला होता!

या वेळीही काही झाले नाही तर खुशीचे नाव पुण्याच्या शाळेत घालीन, असे तू सांगून गेलीस. त्यात तुझे चुकले असे मी म्हणणार नाही. पण मुलाखतीत आपणच कुठेतरी चुकलो, असे उन्मेष धरून बसला आहे. तिसऱ्या फेरीतला एकेक प्रश्न पुन्हा मांडतो, पुन्हा उत्तर देतो. मी ऐकतो आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठतो.

लतिका, तो चुकला नव्हता.

मागच्या बुधवारी तो मित्राकडे कुहीला निघाला होता. संध्याकाळी परतायचे होते. हेल्मेट घातलेले, गाडी सुरू. त्याला स्वतःचा फोन ऐकू गेला नाही. अर्जात दुसरा नंबर माझा होता, म्हणून मला फोन आला. कंपनीतली मुलगी गोड बोलत होती, तुझ्यासारखीच पुण्याकडची.

"उन्मेष आहेत का? निवडीबद्दल बोलायचं होतं."

"तो बाहेरगावी जाऊन राहिला."

"अहो, पण पद नागपूरचं आहे. इथेच राहीन असं म्हणाले होते ते."

"जाऊन राहिला म्हणतो ना मी!"

"बरं काका. धन्यवाद."

लग्न होऊन आलीस तेव्हा तू विचारायचीस, "बाबा, जाऊन राहिले म्हणजे कुठे राहिले?" "कुठे राहिले नाहीत, जाताहेत एवढंच," असे सांगून आपण सारे हसायचो. त्या मुलीला तसे विचारायला कोणी शिकवले नव्हते.

आणि गाडी अजून फाटकातच होती गं. एक हाक मारली असती तर उतरून आला असता. पण त्या वेळी मी एका कवितेच्या शेवटच्या कडव्यावर अडलो होतो. ते ओठांवर आले होते, आणि फोनने ते पळेल म्हणून मी घाई केली.

नकार कळल्यावर सोमवारी मी त्या मुलीला फोन केला. म्हणाली, "काका, आम्हाला वाटलं ते गाव सोडून गेले. आता दुसऱ्यांनी सही केली."

उन्मेषला मी हे सांगितलेले नाही. रोज जेवताना सांगायचे ठरवतो. तो भाजी वाढतो, "बाबा, मीठ बरोबर आहे ना?" विचारतो, आणि मी हो म्हणतो.

हे पत्र टाकायला त्याच्याकडेच देणार आहे. पाकीट मुद्दाम चिकटवलेले नाही. दुसऱ्याचे पत्र तो कधी वाचत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

तुझा अपराधी,
विश्वनाथ