डोळखांबचा न उठणारा पेशंट

डोळखांब, ऑगस्ट २००३

ती. हरेशदादास, सरिताचा वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठणठणीत आहे, पण माझ्या खोलीवर कोणीतरी अत्यवस्थ पडलंय असं गावाचं म्हणणं आहे. (कारण तुझा फोन, म्हणून तुलाच सविस्तर लिहिते.)

आमच्या शाळेला मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरांना हार्ड डिस्कच नाहीत, हे तुला माहीत आहेच. सोमवारपर्यंत चालले नाहीत तर ते दुसऱ्या शाळेला द्यायचे, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं. मुलींनी तर कोण कुठल्या खुर्चीवर बसणार हेही वाटून घेतलेलं. म्हणून हिराबाईंच्या दुकानातल्या फोनवरून मी तुला गाठलं. तू म्हणालास, बूटलोडरची, म्हणजे मशीन जागं करणारी, फ्लॉपी घाल. मग मशीन वायरीतून विचारेल, मी कोण? सर्व्हर, म्हणजे हार्ड डिस्क असलेला मुख्य कॉम्प्युटर, त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर ओळखून त्याला नाव देईल आणि बाकीचं सगळं धाडेल. आमचं मशीन विचारत राहिलं, सर्व्हर ढिम्म. मी पुन्हा फोन केला. दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू आली फक्त माझी बाजू: तो उठतच नाही, स्वतःचं नाव विचारतोय, आतून रिकामा आहे, नुसत्या फ्लॉपीवर किती दिवस ठेवू?

संध्याकाळी पाड्यावरची बुधीआजी कसलीशी मुळी घेऊन दारात हजर. माझ्याकडचा पाहुणा म्हणे डोक्यावर पडलाय. यंत्र आहे म्हणून सांगितलं, तर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लपवू नको म्हणाली. (तेवढ्यानं मला रडू आलं. तिची खात्रीच पटली.)

शेवटी दुसऱ्या दिवशी तिला शाळेत नेलं, पेशंट दाखवायला. तिच्यासाठी कार्डाचा नंबर मोठ्यानं वाचताना चूक सापडली. पुसट झालेला इंग्रजी आठ मी 'बी' समजून सर्व्हरवर लिहिला होता. (त्या नंबरात अक्षरंही असतात.) तो बदलला, आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या.

"उठला का गो?" आजीनं विचारलं.

"उठला, आजी."

"मंग त्याला पेज दे. रिकाम्या पोटी बोलवू नको."

कॉम्प्युटर इथेच राहिले. बाकी क्षेम.

तुझी,
सरिता

ता. क. बाबांनी माझी आसनगावला बदली जवळजवळ पक्की केली आहे. तिकडे स्थळं येतील म्हणतात. मला इथून जायचं नाही. ते तुझं ऐकतात. सरिताशिवाय ते कॉम्प्युटर सुरू होणार नाहीत, एवढं त्यांना पटव.

आणखी एक. काल मी तापानं घरी होते, तर आठवीच्या मुलींनी आपले आपण सगळे कॉम्प्युटर सुरू केले. हे बाबांना कळता कामा नये. पण दादा, मला फार बरं वाटलं.