दोन्ही टोकांना एक माणूस

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं धरून चालते, कारण चार वर्षांत विचारायची सोय मी ठेवली नाही. इकडे आम्ही दोघंही बरे.

पत्राचं कारण एवढंच, की आम्ही घर बदलतोय. तिसरा मजला माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून तळमजल्यावरचं घर घेतलं. २५ तारखेला, शनिवारी, हे घर रिकामं करून द्यायचंय. तूही मागच्या वर्षी घर बदललंस असं कानावर आलं. सामान हलवणारी तुझी माणसं कशी होती? काही फुटलं का? तेवढं कळव.

कारण इथे एकेक नग आहेत. पहिला दारातूनच मान लांब करून म्हणाला, "होऊन जाईल, काकू." म्हटलं, काय होऊन जाईल? कपाट उघडलं नाहीस, जिना मोजला नाहीस. "अनुभव आहे ना, काकू." तेहतीस वर्षं मी इस्पितळाचं भांडार सांभाळलं. एक चादर कमी आली तरी पुरवठादाराला घाम फोडायची. असले अनुभवी मी पोत्यानं पाहिलेत. दुसऱ्याला म्हटलं, फुटलं तर भरपाई कोण देणार ते लिहून दे. तर म्हणे, "विश्वास ठेवा की, मॅडम." ज्याचा हात चार ओळी लिहायला उचलत नाही, त्याच्या हातात मी काचसामान देऊ?

तिसरी एक बाई आली. डोळ्यांना जाड चष्मा, गळ्यात मोजपट्टी. तिनं प्रत्येक कपाट उघडलं, जिन्याचं वळण मोजलं, मोठ्या कपाटाची दारं सोडवावी लागतील हे आपणहून सांगितलं. आधीच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर दिले. दोघांनाही मी अर्थातच फोन केला. नाव ठेवायला जागाच सापडेना. शेवटी तिनं विचारलं, "तिकडे सामान उतरवून घ्यायला कोण असेल? यादी बघून सही करणारं घरचं माणूस आम्हाला दोन्ही टोकांना लागतं. त्याशिवाय मी गाडी लावत नाही."

"तिकडे मी," म्हटलं.

"आणि इथे?"

"इथे आमचे हे."

तेवढ्यात हे आतून आले. तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, आणि माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "ह्या तुमच्याबरोबर आल्यात का?"

सोमवार

काल पत्र तिथेच टाकून उठले. फाडणार होते.

शाळेत सिस्टर खोटं पकडलं की खरं वाक्य शंभरदा लिहायला लावायच्या. मी एकदाच लिहिते. माझे गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या महिन्यात हे अनवाणी तीन जिने उतरून गेले. चौकातल्या औषधवाल्यानं ओळखलं म्हणून हाताला धरून परत आणलं. त्याच आठवड्यात मी तळमजला शोधला.

मी पुस्तकं खोक्यात भरते, हे शांतपणे परत फळीवर लावतात. विषयवार! ग्रंथपाल ना शेवटी. काल मी ओरडले. मग ते कोपऱ्यात उभे राहिले, शिक्षा झाल्यासारखे. धाकटे, मला आता जमत नाही.

तू सांगितलं होतंस. "ताई, भाऊजी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताहेत, डॉक्टरांना दाखव." आणि मी काय म्हणाले? स्वतःचा नवरा टिकवता आला नाही, ती माझ्या नवऱ्यात खोट काढायला आली. तू चहा तसाच ठेवून गेलीस. तुझं बरोबर होतं हे मला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. म्हणूनच तर बोलले.

त्या मोजपट्टीवाल्या बाईनं ह्यांचा प्रश्न ऐकला. पाणी प्यायली आणि यादीत लिहिलं, "साहेबांची खुर्ची पहिल्या फेरीत. उतरवली की त्यांना तिच्यात बसवा, मग बाकीचं सामान." ह्याहून भरवशाची माणसं मला मिळायची नाहीत. पण तिच्या कागदावर 'सामान ताब्यात घेणार' ह्यापुढची जागा रिकामी आहे. मी इथे असले तर तिकडे ह्यांच्याजवळ कोण? तिकडे असले तर इथे कोण? माणसं आठवायला बसले. ज्याच्याशी मी भांडले नाही असं एकही निघालं नाही.

कागद वीस तारखेपर्यंत द्यायचाय. मी त्या जागेत तुझं नाव लिहिलंय. पेन्सिलीनं. तू नाही म्हणालीस तर 'होऊन जाईल'वाल्याला बोलवावं लागेल. तो कुणाचीच सही मागत नाही.

आलीस तर बेल वाजवू नकोस, हे दचकतात. दारावर बोटानं टिचकी मार, नाव सांग. तू त्यांना आठवतेस. रोज विचारतात, "धाकटी आली नाही?" हेही मी तुला कळवलं नाही.

आत आलीस की त्यांना माझी ओळख करून दे.

तुझी वाट पाहणारी,
ताई